निवारा कोठे बांधावा?



बेघरांना निवारा द्यावा की देऊ नये, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय नाही. द्यावा, हे तुम्हां-आम्हांला मान्य आहे असे धरूनच आम्ही येथे उभे आहोत. आमचा विषय त्याहून लहान, पण त्याहून अवघड आहे. निवारा द्यायचे ठरले, पैसे मंजूर झाले, नकाशाही तयार झाला. आता तो बांधायचा कोठे? पुष्कळांना हा प्रश्न गौण वाटतो. गावाबाहेर मोकळी जागा असते, तेथे चार भिंती उभ्या केल्या की झाले, अशी समजूत असते. आमचे म्हणणे असे की, निवाऱ्याची जागा चुकली म्हणजे निवाराच चुकला. छप्पर, खाटा, नळ, दिवे हे सगळे मागाहून दुरुस्त करता येते. जागा मागाहून दुरुस्त करता येत नाही.

प्रथम बेघर म्हणजे कोण ते पाहू. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जो घरात किंवा इमारतीत राहत नाही. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतो, तो बेघर. झोपडीत राहणारा या हिशेबात बेघर नव्हे. त्याला निदान चार पत्रे तरी आहेत. 2011 च्या जनगणनेत भारतभर सुमारे 17 लाख 73 हजार बेघर मोजले गेले. त्यांपैकी 9 लाख 38 हजार शहरांत होते. महाराष्ट्राचा आकडा 2 लाख 10 हजारांच्या घरात होता. ही मोजदाद 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री झाली. जो त्या रात्री रात्रपाळीला गेला, किंवा दंडुक्याच्या धाकाने जागा बदलून झोपला, तो या मोजणीत कसा यावा? तेव्हा हा आकडा कमीत कमी समजावा.

हे लोक कोण? भिकारी, व्यसनी, कामचुकार, असे एक ठोकळ उत्तर तयार असते. आम्ही तीसेक वर्षे हमाल, बिगारी, हातगाडीवाले, हॉटेलातील पोरे यांच्या संघटनेत काम करीत आलो आहोत. त्यातील पुष्कळ रात्री बंद दुकानांच्या फळ्यांवर बसून माणसांशी बोलण्यात गेल्या. आमचा अनुभव असा की, पदपथावर झोपणारा माणूस बहुधा कामावरचा माणूस असतो. भाजीच्या गाड्या पहाटे तीन-चारला लागतात. त्या वेळी जो हमाल हजर नसेल, त्याला त्या दिवशी पाठीवर पोते मिळत नाही. लग्नाच्या कार्यालयातील वाढपी रात्री एक वाजता सुटतो; त्या वेळी त्याला कोणती बस आहे? नाक्यावरचा बिगारी सकाळी सातला उभा राहिला नाही, तर मुकादम दुसऱ्याला घेऊन जातो आणि याचा खाडा होतो. म्हणजे हा माणूस जेथे झोपतो ती जागा त्याने सहज म्हणून धरलेली नसते. ती त्याच्या पोटाने निवडलेली असते.

या निवडीची किंमत तो कशाने देतो, तेही पाहा. 23 डिसेंबर 2024 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पुण्याजवळ वाघोलीला केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक डंपर चढला. तिघे ठार झाले. त्यांत दोन लहान मुले होती. ही मंडळी बांधकामाच्या कामासाठी अमरावतीकडून आलेली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एखादा उत्तम निवारा होता की नव्हता, याने त्यांच्या मरणात काही फरक पडला नसता. निवारा असायला हवा होता तो त्यांच्या कामाच्या वाटेवर.

झोपण्याची जागा आणि पोटाची जागा यांचे हे नाते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी ओळखले आहे. 1981 च्या जुलैत, भर पावसात, मुंबईतील पदपथवासीयांना उठवून त्यांच्या गावी पाठवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्याविरुद्ध ओल्गा टेलिस या पत्रकार बाई आणि इतर काही मंडळी न्यायालयात गेली. 10 जुलै 1985 रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात सांगितले की, ही माणसे काम तेथे आहे म्हणून तेथे राहतात. त्यांना तेथून उठवणे म्हणजे त्यांची उपजीविका हिरावणे होय. आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. निकालाचा हा भाग प्रसिद्ध आहे. दुसरा भाग तितका प्रसिद्ध नाही. रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा अधिकार न्यायालयाने महापालिकेकडे कायम ठेवला. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना मालवणीत किंवा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी, पण अंतराने त्याहून लांब नव्हे, जागा द्यावी असे सांगितले. मात्र आधी जागा आणि मग उठवणे, अशी अट घातली नाही. निकालाच्या या दोन बाजूंवर पुष्कळ वाद झाले. आम्हांला येथे एवढेच दाखवायचे आहे की, देशाच्या सर्वोच्च न्यायासनालाही जागेचे अंतर हिशेबात घ्यावे लागले.

हे शहाणपण आमच्या लोकांना मात्र कोणी शिकवावे लागले नाही. मुंबईच्या गिरणगावातील गावकीच्या खोल्या आठवा. कोकणातल्या एका गावचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली घेत. पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत, भिंतीला ज्याची त्याची ट्रंक. ती खोली भोंगा ऐकू येईल इतकी गिरणीजवळ असे. गोव्याच्या मंडळींनी धोबीतलावाकडे आपापल्या गावाच्या नावाने कूड उभारले. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत खलाशी तेथे उतरे. आणि गाडगे महाराजांकडे पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या पुरुषाने धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी, जेथे गरीब माणूस रात्री अडून पडतो. मुंबईत त्यांच्या नावाची धर्मशाळा कोठे आहे? जे. जे. इस्पितळाजवळ. रोग्याच्या नातेवाइकाला इस्पितळापासून लांब झोपून चालत नाही, एवढे साधे त्यामागचे गणित. स्वस्त जमीन कोठे मिळते, हा प्रश्न त्यांनी पहिला विचारला नाही. माणूस कोठे अडला आहे, हा प्रश्न पहिला विचारला.

आता उलट उदाहरण. एका शहरात, त्याचे नाव आम्ही घेत नाही, बेघरांसाठी चांगली दुमजली इमारत बांधली गेली. खाटा नव्या, पंखे नवे, उद्‌घाटनाला मंडप. पण जागा शहराच्या कडेला, कचरा डेपोच्या रस्त्यावर. बाजारपेठ तेथून नऊ किलोमीटर. शेवटची बस रात्री साडेनऊला, पहिली सकाळी साडेसहाला. सहा महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक खाटा रिकाम्या होत्या, आणि त्याच रात्री बाजारात हातगाड्यांवर माणसे झोपलेली होती. तेथील अधिकारी आम्हांला म्हणाले, “बघा, दिले तरी हे लोक येत नाहीत.” आम्ही त्यांना एक हिशेब मांडून दाखवला, तो तुम्हांलाही सांगतो. हिशेबापुरते असे धरा की, बिगाऱ्याला रोजाचे 500 रुपये मिळतात आणि महिन्यात 20 दिवस काम लागते. म्हणजे मिळकत 10,000 रुपये. जाण्यायेण्याला रोज 40 रुपये धरले तर महिन्याचे 1,200 रुपये गेले, कारण काम लागो न लागो, नाक्यावर रोजच जावे लागते. पहिली बस उशिराची म्हणून महिन्यात चार दिवस काम हुकले, तर आणखी 2,000 गेले. एकूण 3,200. फुकट खाट त्याला महिना 3,200 रुपयांना पडली. पदपथ त्याला फुकट पडतो. तो येत नाही यात त्याचे व्यसन नाही की हेकटपणा नाही. त्याला हिशेब येतो, एवढेच.

सरकारी नियम याबाबतीत आंधळे आहेत असे मात्र नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 पासून जे आदेश दिले, त्यांतून एक माप ठरले: शहराच्या दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा. पुढे 2013 साली राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची योजना आली. तीत माणशी 50 चौरस फूट जागेचे माप धरले होते, आणि निवारे शक्यतो रेल्वे स्थानक, बस आगार, बाजार, घाऊक मंडई अशा ठिकाणांच्या जवळ असावेत असे स्पष्ट लिहिले होते. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यानेही, मालकाने कामगारांना कामाच्या जागेवर किंवा होईल तितके जवळ तात्पुरते बिऱ्हाड फुकट द्यावे, असे बंधन घातले होते. म्हणजे ‘जवळ’ हा शब्द कागदावर आलेला आहे. तो जमिनीवर उतरत नाही, ही अडचण आहे.

लाखाला एक, या मापाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. 2011 च्या वस्तीप्रमाणे मुंबईत 124 आणि पुण्यात 31 निवारे होतात. म्हणजे ‘निवारा कोणत्या भागात न्यावा’ असा प्रश्नच उरत नाही. तो प्रत्येक भागात थोडाथोडा यायचा आहे. सगळे बेघर एका ठिकाणी गोळा करून हजार खाटांची एक बराक बांधणे हिशेबनीसाला सोपे वाटते. पण तेवढ्या माणसांना पुरेल इतके काम एका नाक्यावर नसते, आणि तेवढ्या माणसांचा भार एकाच मोहल्ल्यावर टाकणे न्यायाचेही नाही. शंभर माणसांना 50 फुटांप्रमाणे 5,000 चौरस फूट लागतात. पटसंख्येअभावी बंद पडलेली नगरपालिकेची शाळा, मंडईचा रिकामा मजला, वापरात नसलेले गोदाम, यांत एवढी जागा निघते. नवी इमारत बांधण्यापूर्वी गावातल्या अशा वास्तूंची यादी करावी.

मग जागा निवडावी कशी? आमची रीत अगदी साधी आहे. पहिले काम रात्रीचे. अकरानंतर पायी फिरावे आणि माणसे कोठे झोपतात ते मोजावे. एक रात्र पुरत नाही. बाजाराचा दिवस, सुट्टीचा दिवस, पावसाळ्यातली एक रात्र, अशा निदान तीन-चार फेऱ्या कराव्यात. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत: सकाळी कामाला कोठे उभा राहतोस? पाणी आणि शौचाला कोठे जातोस? आजारी पडलास तर कोणत्या दवाखान्यात जातोस? नाव-गाव, जात, कागदपत्रे विचारू नयेत. त्याने माणूस बुजतो आणि दुसऱ्या रात्री तेथे सापडत नाही.

दुसरे काम दिवसाचे. ही उत्तरे शहराच्या नकाशावर टिपावीत. नाके, मंडई, एस.टी. स्थानक, रेल्वे, सरकारी इस्पितळ, बालवाडी यांवर खुणा कराव्यात. मग माणसांच्या झोपण्याच्या जागेभोवती दोन किलोमीटरांचे वर्तुळ काढावे. दोनच का? वळकटी काखोटीला मारून माणूस अर्ध्या तासात तेवढे चालतो. जी वर्तुळे एकमेकांवर येतात, त्यांच्या पोटात जागा शोधावी. वर्तुळाबाहेरची जागा कितीही स्वस्त असली तरी ती महाग समजावी.

तिसरे काम जमिनीची परीक्षा. जी जागा कोणालाच नको असते ती बेघराच्या वाट्याला येते: नाल्याचा काठ, पूररेषेतला पट्टा, पुलाखालचा कोपरा. म्हणून जागा पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. पाण्याचा नळ आणि मैल्याची वाहिनी जवळ आहे का, गाडी आत येईल का, आग लागली तर दोन दारे आहेत का, म्हाताऱ्यांना तळमजला मिळेल का, हे विचारावे.

चौथे, निवारा कोणासाठी हे आधी ठरवावे, कारण माणसाप्रमाणे जागा बदलते. एकट्या पुरुषाला मंडई जवळ हवी. एकट्या बाईला उजेडाचा, रात्री उशिरापर्यंत वर्दळ असलेला रस्ता हवा; गल्लीच्या टोकाची ‘शांत’ जागा तिला जाचक होते, आणि दारूच्या गुत्त्याशेजारची तर नकोच. मुले असलेल्या कुटुंबाला शाळा हवी. रोग्याच्या नातेवाइकाला इस्पितळाची भिंत दिसली पाहिजे.

काही माणसांना एका रात्रीची खाट पुरत नाही. मनाचा आजार असलेला, फार वृद्ध, ज्याला औषधाची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते, अशा माणसाला कायमचे घर आणि घरासोबत आधार, दोन्ही लागते. अशी आधाराची घरे कोठे असावीत? पूर्वीचे उत्तर होते, गावाबाहेर, उंच भिंतीआड. उपचाराच्या काळात निवांत जागेचा उपयोग होतो हे खरे. डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्यांच्या संस्थेचे केंद्र कर्जतला आहे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर तेथे उपचार होतात, पण हेतू असतो तो त्यांना आपापल्या घरी पोचवण्याचा. ज्याला परतायला घरच नाही त्याचे काय? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 19 व्या कलमाने अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. घर नाही म्हणून त्याला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने 2015 पासून एक रीत चालवली: साध्या वस्तीतले साधे घर भाड्याने घ्यायचे, चार-पाच जणींनी त्यात बिऱ्हाड थाटायचे, आणि मदतीला बाई ठेवायची. दारावर पाटी नाही. वाणी, देऊळ, दवाखाना, बसथांबा हाकेच्या अंतरावर. अशा घराची जागा निवडताना एकच कसोटी लावावी: आपल्या म्हाताऱ्या आत्याला आपण येथे ठेवले असते का?

आता सर्वांत नाजूक गोष्ट, शेजाऱ्यांची. जागा जाहीर झाली की अर्ज येतात: चोऱ्या वाढतील, घाण होईल, घरांच्या किमती उतरतील, लेकीबाळींना रस्ता बंद होईल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. ज्याने उभ्या जन्माची पुंजी घालून दोन खोल्या घेतल्या, त्याला ती गमावण्याचे भय वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या संघटनेचे कितीतरी सभासद अशाच दोन खोल्यांत राहतात. पण त्यांच्यापुढे वस्तुस्थिती मांडावी. ही माणसे येणार नाहीत; ती आलेलीच आहेत. ती आज तुमच्या दुकानाच्या फळीवर झोपतात आणि पहाटे तुमच्या भिंतीमागे शौचाला बसतात. प्रश्न एवढाच की, त्यांना दार, मोरी आणि संडास द्यायचा की नाही.

सभेत चर्चा कशाची व्हावी, हे स्पष्ट असावे. निवारा हवा की नको, यावर शेजाऱ्यांचे मत घेऊ नये; तो कसा चालावा, यावर अवश्य घ्यावे. देखरेख समितीत दोन शेजारी असावेत. बाहेर दिवा असावा, संडास रोज दोनदा धुतला जावा, रात्रीच्या जबाबदार माणसाचा फोन क्रमांक शेजाऱ्यांकडे असावा, आणि दर महिन्याला बैठक व्हावी. ही वचने लिहून द्यावीत आणि पाळावीत. फिनलंडने 2008 पासून मोठे रात्रनिवारे बंद करून बेघरांना आधारासह कायमची घरे देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेथेही शेजाऱ्यांनी कुरकुर केलीच. तेव्हा तेथील रहिवासी आणि कार्यकर्ते आजूबाजूचे रस्ते व बागा स्वच्छ करायला बाहेर पडू लागले. ओळख झाली की भीती कमी होते, हा अनुभव आम्हांला चाळीतल्या राजकारणातही आलेला आहे.

शेवटी एक इशारा. जागा बरोबर निवडली तरी ती टिकली पाहिजे. दिल्लीत पुसा रस्त्यावरील चौकाजवळचा तात्पुरता निवारा डिसेंबर 2009 मध्ये ऐन थंडीत महापालिकेने हटवला. त्यावरून न्यायालयात जो गदारोळ झाला, त्यातूनच पुढचे आदेश निघाले. तरीही फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच शहरात सराय काले खां बसतळाजवळचा निवारा पाडला गेला. दोन्ही जागा माणसांच्या पायाखालच्या, सोयीच्या होत्या. पण सोयीच्या जागेवर दहा जणांचा डोळा असतो. ज्या निवाऱ्याखालची जमीन कागदावर निवाऱ्याची नाही, तो तंबूच समजावा, मग त्याच्या भिंती विटांच्या का असेनात.

म्हणून हे काम विकास आराखड्यात व्हायला हवे. शाळा, दवाखाना, मैदान यांना जसे आरक्षण असते, तसे निवाऱ्याला हवे. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्यात बेघरांच्या निवाऱ्यासाठी आरक्षणाचा वेगळा प्रकार धरला आहे. इतर शहरांनी तो मागितला पाहिजे. आपल्या शहराच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा कायद्याने नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. हरकती शेकड्यांनी येतात. सूचना फार थोड्या. त्यातून ज्याला पत्ताच नाही, तो अर्जावर पत्ता काय लिहिणार? त्याच्या वतीने तो अर्ज पत्ता असलेल्या माणसानेच लिहायला हवा. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला पत्ता आहे. आपल्या वॉर्डातली एक जागा शोधा, ती पावसात जाऊन पाहा, तेथून नाक्यापर्यंत चालत जाऊन किती मिनिटे लागतात ते घड्याळावर मोजा, आणि तेवढे एका कागदावर लिहून नगरपालिकेत देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका, एवढे आम्ही कामगार चळवळीतल्या अनुभवाने सांगतो.